चाकाचे दात आणि काळी माती

वऱ्हाडात पावसाळ्यात रस्त्याची चौकशी करताना तो कुठे जातो, हे सहसा कुणी विचारत नाही. ‘रस्ता चालू हाय का?’ एवढेच विचारतात. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या कितीतरी पांदण वाटा मृगाचा पाऊस पडला की बंद होतात, त्या पार दसऱ्यापर्यंत. त्या वाटेने शेतात खत जायचे असते, फवारणीचे पाणी जायचे असते, शेतात राहणाऱ्या घरातले पोर शाळेत आणि दूध गावात जायचे असते. वाट बंद झाली तरी यातले कुठलेच काम थांबत नाही; ते फक्त डोक्यावर आणि खांद्यावर येते.

गेली वीसेक वर्षे मी वऱ्हाडातील जुन्या वाहनांची माहिती गोळा करतो आहे. या विषयाची कोणतीही पदवी माझ्याजवळ नाही. सुतार, लोहार, नालबंद, सायकल दुरुस्त करणारे आणि जुनी गॅझेटिअरे, एवढेच माझे विद्यापीठ. अलीकडे या विद्यापीठात एक नवा प्रश्न आला. खेड्यांत बॅटरीवर चालणारी सायकल दिसू लागली आहे. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असेल, तर तिला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही, पेट्रोल तर नाहीच. शेतकऱ्याच्या घरात ती सहज सामावते. अडते ती पांदणीत. थंड देशांत सायकलीला खिळे लावलेले टायर असतात आणि लोक ते घरीही करतात, हे तरुणांनी मोबाईलवर पाहिलेले असते. तेव्हा प्रश्न असा : तसे टायर घरी करून आपल्या चिखलात चालतील काय? प्रश्न साधा आहे. उत्तर शोधताना मात्र बर्फापासून बैलाच्या खुरापर्यंत जावे लागते.

खिळा कशाला धरतो

फिनलंडमधले नोकिया हे गाव आपल्याकडे मोबाईलमुळे माहीत झाले. त्या गावी रबराचा मोठा कारखाना होता. १९६७ मध्ये तो, केबलचा कारखाना आणि मूळची नोकिया कंपनी एकत्र आले आणि पुढे मोबाईल करणारी नोकिया उभी राहिली. याच रबर कारखान्याने १९३४ मध्ये बर्फावर चालण्यासाठी खास हिवाळी टायर काढला. त्यात खिळे नव्हते. भुसभुशीत हिमाला पकडतील अशा आडव्या खोल खाचा होत्या. खिळ्यांचे टायर सर्रास झाले ते १९६० च्या दशकात. रबरात छोटी धातूची गुंडी बसवायची आणि तिच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा कण ठेवायचा, ही त्यांची रचना. साधे पोलाद डांबरावर लवकर झिजते, कार्बाइड टिकते.

रबर रस्त्याला धरते ते दोन प्रकारे. ते खडबडीत पृष्ठभागाच्या बारीक उंचवट्यांत दबून बसते आणि पृष्ठभागाला किंचित चिकटते. बर्फ गुळगुळीत असतो. शिवाय तापमान शून्याच्या आसपास असेल, तर त्यावर पाण्याचा अतिशय पातळ पडदा असतो. त्यामुळे रबराच्या दोन्ही युक्त्या फसतात. कोरड्या डांबरावर जी पकड मिळते, तिचा सातवा-आठवा भागही बर्फावर मिळत नाही. तिथे खिळा कामी येतो. तो पडदा भेदून बर्फात मिलिमीटरभर रुततो आणि बर्फ त्याला घट्ट धरून ठेवतो.

या एका वाक्यात खिळ्याचे सगळे शास्त्र आहे. खिळ्याला अशी जमीन लागते, जी त्याला रुतू देण्याइतकी मऊ आणि रुतल्यावर धरून ठेवण्याइतकी टणक असेल. बर्फ नेमका तसा आहे. आपली माती तशी आहे का, हे पुढे पाहू.

घरी टायर कसा करतात

घरगुती पद्धत अवघड नाही. उंच रबरी गाठी असलेला टायर घ्यायचा. आपल्याकडचे दुकानदार त्याला ‘बटन टायर’ म्हणतात. टायर रिमवरून काढून प्रत्येक निवडलेल्या गाठीच्या मधोमध बारीक छिद्र पाडायचे. छिद्र बाहेरून आत पाडले म्हणजे नेम चुकत नाही. मग पत्र्याचे आखूड, चपट्या डोक्याचे स्क्रू आतल्या बाजूने बाहेर काढायचे, म्हणजे डोके आत आणि टोक बाहेर. टोक गाठीबाहेर तीन-चार मिलिमीटरच राहावे. जास्त राहिले तर ते डोलते आणि रबर फाडून निघते. आतल्या डोक्यांनी ट्यूब फाटू नये म्हणून जुनी ट्यूब उभी चिरून तिची पट्टी सोल्युशनने आतून चिकटवायची. नंतर हवा भरायची आणि चाक हाताने फिरवून टोके चिमट्याला किंवा मडगार्डला लागत नाहीत ना, हे बघायचे.

जाणकार सगळ्या गाठींना स्क्रू लावत नाहीत. कडेच्या दोन ओळींनाच लावतात. हवा पूर्ण असली की सायकल सरळ रस्त्यावर मधल्या रबरावर चालते. हवा थोडी कमी केली किंवा वळण घेतले की कडेची टोके जमिनीला लागतात. वजनाचाही हिशोब असतो. दोन ग्रॅमचा एक स्क्रू धरला, तर दीडशे स्क्रूंचे ३०० ग्रॅम होतात, आणि तेही चाकाच्या अगदी कडेला, जिथे वजन फिरवायला सगळ्यात महाग पडते. बॅटरीच्या सायकलीत आणखी एक अडचण येते. मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात असते आणि उभ्या जागेवरून जोराने चाक फिरवते. तो झटका स्क्रूच्या मुळावर येतो. पायडलने हळूहळू जोर देणाऱ्या सायकलीत जे स्क्रू हिवाळा काढतील, ते मोटरच्या चाकात लवकर ढिले होतात.

प्रयोगासाठी मी असा एक टायर मूर्तिजापूरकडच्या एका सायकल दुरुस्तीवाल्याकडून करून घेतला आणि तो तीन प्रकारच्या जमिनीवर चालवून पाहिला. डांबरावर टिकटिक आवाज आला आणि थोड्याच दिवसांत टोके बोथट झाली. सिमेंटच्या गावरस्त्यावर चिखलाचा पातळ थर होता. तिथे साध्या टायरपेक्षा काही फरक जाणवला नाही; उलट वळणावर टोके सिमेंटवरून घसरली. सिमेंट खिळ्याला रुतूच देत नाही. पांदणीच्या काळ्या चिखलात तर वीस पावलांत निकाल लागला. गाठींमधल्या फटी मातीने भरल्या, टोके त्या मातीच्या आत बुडाली, आणि चाकाचा एक गुळगुळीत जाड लोळा होऊन तो चिमट्यात अडकला. खिळे होते तिथेच होते, पण जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हते. काळी माती खिळ्याला रुतू देते, धरून ठेवत नाही.

काळी माती करते काय

दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन आपली माती झाली. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण फार, आणि त्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज मुख्य. याचे कण म्हणजे एकावर एक ठेवलेली अतिसूक्ष्म पाने. पाणी या पानांच्या मधे शिरते आणि त्यांना दूर सारते, म्हणून माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जाते, पाने जवळ येतात आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या गुणामुळे आपली जमीन पावसाचे पाणी महिनोन् महिने धरून कापूस पोसते, त्याच गुणामुळे ती वाट म्हणून टिकत नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात याची आणखी एक तऱ्हा आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जाणारा हा खारपाणपट्टा. तिथले भूजल खारे आहे आणि मातीत सोडियमचा अंश जास्त आहे. कॅल्शियम मातीचे कण एकमेकांना बांधून त्यांचे रवाळ ढेकूळ करते. सोडियम त्यांना सुटे करून पाण्यात विखुरते. म्हणून खारपाणपट्ट्यातला चिखल साबणासारखा निसरडा होतो, पाणी खाली मुरत नाही, आणि वरून सुकल्यासारखी दिसणारी वाट आतून ओलीच राहते. दर्यापूर भागातल्या शेतकऱ्याला हे कुणी सांगावे लागत नाही.

स्वीडनच्या आल्बेर्ट आटेरबेर्ग या रसायनशास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास मातीच्या अवस्थांची मोजणी मांडली. ओलावा वाढत गेला की माती आधी कडक, मग लोण्यासारखी आकार घेणारी आणि शेवटी वाहती होते. या अवस्थांच्या सीमा प्रत्येक मातीच्या वेगळ्या असतात. जगभरचे रस्ते बांधणारे अभियंते आजही त्याच सीमा मोजतात. आपल्याकडे त्यासाठी प्रयोगशाळेआधीच एक शब्द होता : वापसा. वापसा आला म्हणजे मातीला न चिकटता औत चालते. शेतकरी मूठभर माती दाबतो आणि बोटांनी फोडून बघतो. फुटली तर वापसा, लांबली तर नाही. वापसा नसताना चाकाला चिकटणारी हीच माती आहे, आणि चाकाला कितीही दात लावले तरी ती वापशाआधी बदलत नाही.

ओढले जाणारे चाक आणि ओढणारे चाक

मग याच मातीतून पिढ्यान् पिढ्या बंडी कशी गेली? याचे उत्तर मला सुतारांच्या आणि नालबंदांच्या बोलण्यात मिळाले.

बंडीचे चाक उंच आणि अरुंद असते. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर लाकडी पुठ्ठे आणि त्यांवर लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा जरा लहान करतात. ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करून फुगवतात, चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. आवळताना ती सगळे सांधे घट्ट करते. उंच चाक खड्ड्याच्या कडेवर सहज चढते. अरुंद धाव वरचा चिखल चिरून खालच्या टणक थराला लागते आणि गुळगुळीत असल्यामुळे माती तिच्यावर थोडी तरी कमी चढते. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. बंडीच्या चाकाला पकडीची गरजच नसते. ते ओढले जाते; ओढतो तो बैल. जमिनीशी पकड धरायचे काम चाकाकडे नव्हे, खुराकडे होते.

बैलाचा खुर दोन भागांचा असतो. दाब पडला की दोन्ही भाग फाकतात आणि पायाखालचे क्षेत्र वाढते. पाय उचलला की ते मिटतात, मधे हवा शिरते आणि चिखलाची ओढ तुटते. चाक फिरत राहते, त्यामुळे माती घेऊन वर जाते. खुर सरळ वर उचलला जातो आणि माती खालीच सोडतो. नालेचाही विचार असाच होता. घोड्याला एक नाल, बैलाला मात्र प्रत्येक खुराच्या दोन भागांना दोन, म्हणजे चार पायांना आठ. नाल ठोकतात ती मुख्यतः पक्क्या रस्त्यावर खुर झिजू नये म्हणून. लोखंड कठीण वाटेसाठी आणि उघडा खुर मऊ वाटेसाठी, ही विभागणी नालबंदाला ठाऊक होती. खिळ्यांच्या टायरचा नियमही शेवटी हाच आहे.

मोटर आली आणि काम बदलले. आता चाक ओढले जात नाही, तेच ओढते. बैलाच्या चार पायांची जबाबदारी एका मागच्या चाकावर आली. त्या चाकाचा जमिनीला टेकणारा भाग केवढा असतो? मागच्या चाकावर ६० किलो वजन आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब असेल, तर हिशोब सुमारे २० चौरस सेंटिमीटर येतो. म्हणजे आगपेटीच्या चित्राएवढी जागा. हवा निम्मी केली तर ती दुप्पट होते. पण चाक जिथल्या तिथे फिरू लागले की मोटर जास्त वीज ओढते, तिचे काम होत नाही आणि उष्णता होते. बॅटरी उतरते, कंट्रोलर तापतो आणि सायकल ढकलत न्यावी लागते. तीही साध्या सायकलीपेक्षा जड.

चिखलात जे खरोखर चालते ते खिळे नव्हेत, वल्हे. भातशेतीत चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात. त्याच्या आडव्या पट्ट्या चिखलाला बोटीच्या वल्ह्यासारख्या मागे ढकलतात. मोटरसायकलच्या मागच्या टायरला साखळी किंवा जाड दोर गुंडाळून चिखल पार करणे हा त्याचाच घरगुती अवतार. थोडे अंतर त्याने निघते. पण बॅटरीच्या सायकलीला हा उपाय करू नये. तिच्या मोटरची वायर मागच्या आसाजवळून बाहेर येते. सुटलेली साखळी त्या वायरीत किंवा आऱ्यांत गुंतली तर चाक जागीच थांबते आणि चालवणारा पडतो.

रस्ता खाणारे चाक

जे चाक जमिनीला घट्ट धरते, ते जमीन उकरते. खिळ्यांच्या टायरांनी डांबर झिजते. जर्मनीने १९७५ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. जपानमध्ये सेंदाईसारख्या शहरांत हिवाळाभर रस्त्याची धूळ उडू लागली आणि १९९० मध्ये त्या धुळीविरुद्ध कायदाच झाला. आपल्याकडे केज व्हील लावून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावरून नेला की तेच होते. त्याआधी हाच आक्षेप बंडीच्या लोखंडी धावेवर होता. अरुंद धाव खडीचा रस्ता चिरते, म्हणून अभियंते वैतागलेले असत. हवेच्या टायरची बंडी आली आणि ती तक्रार ओसरली.

पण रस्त्याची बाजू घेणाऱ्यांनीही पांदणीचा विचार केला नाही. वऱ्हाडचा रस्ता नेहमी कापसासाठी झाला. रेल्वे नव्हती तेव्हा लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून कापूस ५०० मैलांहून दूर मिर्झापूरपर्यंत जाई आणि वाटेत पाऊस लागला की माल भिजे, बैल रुतत. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १९०३ च्या सुमारास यवतमाळ–मूर्तिजापूर ही अडीच फूट रुंदीची लाईन आली, जिला लोक शकुंतला म्हणतात. रेल्वेचे चाक तर गुळगुळीत लोखंड, आणि तेही गुळगुळीत लोखंडावर. रूळ ओले असतील तर इंजिन चाकाखाली वाळू सोडते, एवढीच त्याची पकड. इथे चाकाला दात दिले नाहीत, वाटच बदलली.

पुढे मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ मध्ये देशाच्या रस्त्यांचा विचार मांडला. १९४३ मध्ये आपल्या नागपुरातच मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि वीस वर्षांची नागपूर योजना झाली. तिने राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंत वर्गवारी लावली. गावरस्ता तिथे आला. गावापासून शेतापर्यंतची वाट आली नाही. ती तलाठ्याच्या गावनकाशावर राहिली आणि हळूहळू दोन्ही बाजूंच्या नांगरांनी अरुंद होत गेली.

मग करायचे काय

सायकलवाल्यापुरते उत्तर असे. खिळ्यांवर पैसे घालवू नका. गाठी विरळ आणि फटी रुंद असलेला टायर घ्या, म्हणजे फिरताना माती निसटायला जागा राहते. मडगार्ड आणि टायर यांत दोन बोटे अंतर ठेवा. पावसाळ्यात मडगार्ड काढलेच तर उत्तम. चिखलात हवा कमी करा, डांबरावर आल्यावर पुन्हा भरा. चाक जागीच फिरू लागले की मोटर लगेच बंद करा. आणि वापसा पाळा. जी वाट सकाळी बंद असते, ती दोन दिवसांच्या उन्हानंतर वेगळी असते.

वाटेपुरते उत्तर याहून मोठे आहे, पण त्यात गूढ काही नाही. काळ्या मातीवर थेट खडी टाकली तर पावसाळ्यात खडी खाली जाते आणि माती वर येते. आधी दोन्ही बाजूंना चर हवेत, म्हणजे पाणी निघेल. मग मुरमाचा थर, मग खडी. मातीत चुना मिसळला तर कॅल्शियम तिच्या कणांना बांधते आणि तिचे फुगणे कमी होते. खारपाणपट्ट्यातल्या शेतात जिप्सम टाकतात, त्यामागचे तत्त्वही कॅल्शियमचेच. कायदाही आहे. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. असलेली वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे जाता येते. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पांदण रस्ते योजना आणली. अडते ते बहुधा तंत्राशी नाही. दोन शेजारी आपापल्या बांधाचे चार-चार हात सोडायला तयार होतात की नाही, इथे अडते.

घरी टायर करणाऱ्या पोरांचे मला कौतुक आहे. हाताशी असलेल्या वस्तूंतून अडचणीवर उपाय काढणे हा वऱ्हाडचा जुना गुण आहे. धाव चढवणारा लोहार तेच करत होता. पण चाकाचा उपाय एकट्याचा असतो. ज्याच्याजवळ टायर तो निघतो. डोक्यावर भारा घेतलेली बाई तिथेच राहते, आणि अडल्या घरातले दुखणाईत माणूस खाटेवरच न्यावे लागते. वाटेचा उपाय सगळ्यांचा असतो, म्हणून तो उशिरा होतो.

उशिराचे आणखी एक कारण मातीतच आहे. सीतादही होऊन कापसाचा पहिला वेचा घरी येतो, तोवर चिखल दगडासारखा होतो. त्यावर बंडी, ट्रॅक्टर, सायकल सगळे धावते, आणि जूनमध्ये ग्रामसभेत ज्या वाटेसाठी भांडण झाले असते, तिचे नावही निघत नाही. पांदणीचा अर्ज करायचा तो याच दिवसांत, वाट चालू असताना. मोजणीची साखळी चिखलात ओढता येत नाही.